पाच नंबरचा कांगारू

"हत्तीही बंद!" टिल्ली ओरडली आणि तिने फाटकावरच्या पाटीला जीभ काढून दाखवली.

सकाळपासूनची ही पाचवी निराशा होती. मगरींच्या होड्यांना पाणी नव्हतं. देवमाशाच्या घसरगुंडीला रंग लावत होते. जिराफाच्या मनोऱ्यावर जायला टिल्ली उंचीला चार बोटं कमी पडली, तर सशांच्या आगगाडीसाठी ताई वीतभर जास्त झाली. आणि आता हत्ती 'दुरुस्तीसाठी बंद'!

"अकरा दिवस!" ताई धुसफुसली. "अकरा दिवस त्या मोटारहोममध्ये एकमेकांच्या अंगावर झोपून आलो, ते या पाट्या वाचायला?"

तेरा वर्षांची ताई, तिचा अकरा वर्षांचा भाऊ आणि मावशीची आठ वर्षांची टिल्ली असे तिघं मागच्या एकाच पलंगावर आडवे झोपत होते. कुठलीही वस्तू वाकून, डोळे बारीक करून बघायची सवय असल्यामुळे भावाला घरात सगळे 'प्रोफेसर' म्हणत. "प्राण्यांच्या पाळण्यांची बाग येऊ दे, सगळं भरून निघेल!" असं बाबा रोज सांगत. बाग आली, पण नेमका मोटारहोममधला फ्रिज बंद पडला. "तुम्ही व्हा पुढे, आम्ही आलोच," म्हणून आई-बाबा वाहनतळावर थांबले, त्याला दोन तास झाले.

"कांगारू चालू आहेत!" टिल्लीने बोट दाखवलं आणि तिघं पळत सुटले.

मधल्या खांबाभोवती लोखंडी हातांवर बसवलेले आठ कांगारू गोल फिरत उड्या मारत होते. प्रत्येकाच्या पोटाच्या पिशवीत तिघांची जागा. रांग लांबलचक होती. ताई पाय आपटत उभी राहिली. प्रोफेसर मात्र कठड्याला कान लावून ऐकत होता.

"ताई, पाच नंबरचा कांगारू खाली टेकला की खडक् होतं. बाकीच्यांचं होत नाही."

"काहीतरीच!"

"ऐक तर! दोन... तीन... चार..."

खडक्! पुन्हा एक फेरी, पुन्हा खडक्! आता ताईलाही ऐकू आलं. कांगारू थांबले तेव्हा प्रोफेसरने खाली वाकून पाहिलं.

पाच नंबरच्या पायाशी चार मोठे नट होते. प्रत्येक नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक पांढरी रेघ ओढली होती. बाबाही मोटारहोमच्या चाकांवर अशाच रेघा ओढत. नट जरा जरी फिरला, की रेघ तुटलेली दिसते. रोज सकाळी त्या तपासायचं काम मुलांकडेच होतं. इथे चारपैकी तीन रेघा तुटल्या होत्या!

"काका!" ताईने कांगारू चालवणाऱ्या माणसाला हाक मारली. "पाच नंबरचे नट सैल झालेत!"

"रंग उडालाय, बाळ," काकांनी मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं. "आम्ही रोज सकाळी तपासतो. रांगेत उभी राहा."

तिघं रांग सोडून चौकशीच्या खिडकीकडे धावले. तिथल्या बाईंनी एक कागद सरकवला. "तक्रार लिहा. खाली मोठ्या माणसाची सही. सात दिवसांत उत्तर येईल."

"सात दिवस? अहो, कांगारू आत्ता फिरतायत!"

खिडकी बंद झाली!

मग वाहनतळ. फ्रिजच्या मागे अर्धे घुसलेले बाबा सगळं न ऐकताच म्हणाले, "आता नट? सकाळपासून नुसत्या तक्रारी चालल्यात तुमच्या!"

"बाबा, पण खरंच..."

"जरा श्वास घेऊ द्या रे बाबांना," आई म्हणाली. "जा, खेळा."

परत येताना ताईचे डोळे भरून आले.

"रडू नकोस," टिल्ली म्हणाली.

"रडत नाहीये! राग आलाय! आपण लहान आहोत म्हणून कुणाला ऐकूच येत नाही!"

प्रोफेसर मात्र थबकला. "ताई, प्रत्येक पिशवीपुढे दांडा आहे. आठही दांडे खाली बसल्याशिवाय काकांच्या खोक्यावर हिरवा दिवा लागत नाही. मी बघितलंय. दिवा नाही, तर उडी नाही!"

ताईने डोळे पुसले. "चला!"

या वेळी रांगेत तिघं टिकून राहिले. फाटक उघडताच दोन छोटी जुळी मुलं नेमकी पाच नंबरकडे निघाली. टिल्लीने अशी मुसंडी मारली, की ती डोक्यावरच पिशवीत पडली! मागोमाग ताई आणि प्रोफेसर.

"दांडा खाली ओढा!" काका ओरडले.

"नाही ओढणार!" टिल्लीने दोन्ही पाय दांड्याला टेकवले.

काका येऊन ओढू लागले. तिघांचे सहा पाय आणि काकांचे दोन हात! दांडा हलेना. रांगेतून आरडाओरडा सुरू झाला. "उतरवा त्यांना!" "आमचा खोळंबा होतोय!" तेवढ्यात बागेचे व्यवस्थापक तरातरा आले.

"आई-वडील कुठे आहेत तुमचे?"

"वाहनतळावर. बोलवाच त्यांना!" ताई जागची हलली नाही. "खालचे नट बघा. घट्ट असले तर आम्ही माफी मागू."

भोंग्यावरून आई-बाबांना बोलावणं गेलं. व्यवस्थापक मुलांना उचलायला वाकले, तोच जुळ्यांची आजी पुढे आली. "अहो, बघायला काय जातं तुमचं? माझी नातवंडं बसणार होती त्यात!"

नाइलाजाने व्यवस्थापकांनी तंत्रज्ञ बाईंना बोलावलं. हत्तीच्या दुरुस्तीवरून त्या तेलकट हातांनीच आल्या, मुलांना खाली उतरवलं आणि पाठीवर झोपून कांगारूखाली शिरल्या.

"सगळ्यांना लांब करा," आतून आवाज आला. "लगेच!"

त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तळहातावर एक नट होता. "पाना लागलाच नाही. बोटांनी निघाला. तिन्ही असेच सैल आहेत, आणि चौथ्याचा बोल्ट चिरलाय. आणखी दोन-चार फेऱ्या, बस!"

आजीने जुळ्यांना पोटाशी धरलं.

व्यवस्थापकांनी काकांच्या हातातला तपासणीचा तक्ता ओढून घेतला. आठवडाभर रोज 'तपासले' अशी खूण होती. उद्याच्या रकान्यातसुद्धा!

काकांची मान खाली गेली. व्यवस्थापकांचीही. "आमची मोठी चूक झाली," ते मुलांना म्हणाले. "तुमच्यामुळे आज अनर्थ टळला. शाबास!" रांगेतल्या लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मघाशी ओरडणारेच सगळ्यात पुढे होते.

आई-बाबा धापा टाकत गर्दीतून आले. सगळं ऐकल्यावर आईने तिघांना जवळ ओढलं. बाबांनी तो नट हातात घेतला.

"तुम्ही सांगायला आला होतात," ते म्हणाले. "मी ऐकायला हवं होतं."

"हो, हवं होतं!" टिल्ली फणकारली. बाबांनी मुकाट्याने कान पकडले.

बाग उरलेला दिवस बंद ठेवून प्रत्येक यंत्र तपासलं गेलं. मोटारहोमचा मुक्कामही एक दिवस वाढला. दुसऱ्या दिवशी दुपारी तंत्रज्ञ बाईंनी आधी वाळूची पोती बसवून कांगारू फिरवले, मग स्वतः बसून फेरी मारली आणि तिघांना हाक मारली, "या! पहिली फेरी तुमची!"

ताई आणि टिल्ली धावत जाऊन पाच नंबरच्या पिशवीत बसल्या. प्रोफेसर मात्र एक नंबरपाशी वाकला. मग दोन नंबरपाशी. डोळे बारीक करून तो एकेक नट बघत निघाला. मागे रांग वाढत होती. कांगारू चालवायला आलेला नवा माणूस चुळबुळ करू लागला.

"बघू दे त्याला नीट," जुळ्यांची आजी रांगेतून म्हणाली. "आम्हाला काही घाई नाही."