न वाचलेली ओळ

परसोडीच्या आयटी पार्कमधली ती इमारत मे महिन्यात दुपारी आंधळी होऊन जाई. ऊन काचांवर थापल्यासारखे बसे, आत एसी घरघरत राही, आणि समोरच्या इंदुताईंच्या टपरीवरचा चहा एवढीच काय ती दिवसातली खरी घटना. त्या गुरुवारी मात्र चहाला जायचेही कोणाला सुचत नव्हते. मॅनेजरने सकाळीच सांगून टाकले होते की प्रकल्प आटोपत आला आहे. संघपाल आणि रजत या दोघांपैकी एकच राहील. कोण, ते पुण्याचे ऑफिस आज-उद्या कळवील.

दोघे एकाच कॉलेजातले, एकाच डब्यात जेवणारे. संघपालचे वडील वारल्यावर कोराडीच्या वीज केंद्राचे क्वार्टर सुटले होते. आता कोराडीतच दोन भाड्याच्या खोल्या, खिडकीच्या गजांवर रोजची राख, आत आई अंजनाबाई, आणि या साऱ्याचा भार एका नोकरीवर.

"पुण्याले काहून त्रास द्यायचा?" रजत म्हणाला. "आपणच ठरवू. क्वांटम कम्प्युटर लावतो."

"कुठंय बे क्वांटम कम्प्युटर?"

"बनवतो न. पायथनमध्ये. वीस ओळी."

शेजारच्या टेबलावरची दामिनी खळखळून हसली. "तान्ह्या पोळ्यातला पोरांचा लाकडी बैल हाये तो. नांगराले जुंपतो काय?"

"चाकं आहेत न त्याले? चालते."

हसण्यात एक कडवट धार होती, आणि ती तिघांनाही ठाऊक होती. रजतने पडद्यावरच्या काळ्या खिडकीत भराभर ओळी टाइप केल्या. दोन नावे: संघपाल, रजत. प्रत्येक जण एकाच वेळी राहिलेलाही आणि गेलेलाही; कोणी पाहीपर्यंत दोन्ही खरे. एकाकडे पाहिले की त्याचे ठरणार, आणि त्याच क्षणी दुसऱ्याचे उलटे. संघपालला आतले सगळे दिसत होते. उसन्या शब्दांची झूल पांघरलेला तो साधा छापा-काटा होता.

रजतने एंटर दाबले. काहीच उमटले नाही.

दामिनी वाकून पाहू लागली. "अरे, पाहायच्या दोन्ही ओळींच्या पुढे हॅश लावून ठेवला तू."

चाचणी करताना लावलेला हॅश काढायचा राहून गेला होता. तशी ओळ पडद्यावर असते, पण यंत्र ती वाचत नाही.

"म्हणजे पाहिलंच नाही कोणी," रजत म्हणाला. "बरं झालं. दोघंही वाचलो."

ती खिडकी मिटण्याचे कोणी मनावर घेतले नाही. कर्सर लुकलुकत राहिला.

शुक्रवारी पुण्याहून काही कळले नव्हते. दुपारी संघपाल एकटाच टपरीवर गेला. इंदुताईंनी भुवया उंचावल्या.

"पुन्हा? आत्ताच तर घेतला न तुमी."

बाकावर एक ग्लास होता. तळाशी एक घोट शिल्लक. चहाचा शेवटचा घोट न पिण्याची त्याची सवय कॉलेजपासूनची. त्यावरून रजत त्याला चिडवत असे. संघपालने ग्लासला बोट लावले. काच कोमट होती.

उन्हाने काच तापणारच, त्याने स्वतःला समजावले. शेवटचा घोट टाकणारे नागपुरात इतरही असतील.

गेटवर पहारेकरी नत्थू खुर्चीतून अर्धवट उठला. "साहेब, काही विसरले का? कार्ड तर जमा केलं तुमी. रडून राहिले होते, मीच ऑटोत बसवून देल्लं."

संघपालने खिशातले कार्ड यंत्राला लावले. हिरवा दिवा लागला. नत्थू त्या दिव्याकडे पाहत राहिला, मग त्याच्या चेहऱ्याकडे. आणि हळूच, विटाळ व्हावा तसा, एक पाऊल मागे सरकला.

वर दामिनी जागेवर नव्हती. रजत त्या काळ्या खिडकीसमोर बसला होता. दाढी केलेली नव्हती.

"भैरवी म्हणे मी काल दोनदा घरी आलो," तो मागे न वळता म्हणाला. भैरवी त्याची बायको. "एकदा पेढे घेऊन आलो. एकदा आलो, तर बोललोच नाही, सरळ मोरीत जाऊन बसलो. सकाळपासून ती माह्याकडे पायत नाही बे. भेते."

संघपालला टपरीवरचा कोमट ग्लास आठवला.

"बंद कर ते," तो म्हणाला.

"बंद केल्यावर आपण कुठं राहू, सांगता येते तुले?" रजतचा आवाज अगदी साधा होता. "पाहा लागन. तू तुझं पाय. नाही तर मी माझं पायतो."

"असंच राहू दे न, रजत. निदान दोघंही आहोत."

"अर्धे आहोत."

तेवढ्यात संघपालचा फोन वाजला. आई.

"बाबू, एक सांग," अंजनाबाई कुजबुजत होत्या. "तू तर आतल्या खोलीत निजला न? दुपारी आला, नोकरी गेली म्हनला, भिंतीकडं तोंड करून पडला. जेवला नाही. तुहा फोन दिसला नाही म्हनून लावून पायला. मग हा फोन कोन उचलून राह्यलं?"

फोनमधून कूलरचा आवाज येत होता. ओल्या वाळ्याचा वास आपल्याला इथे कसा येतो, हे त्याला कळेना.

"आई, मी ऑफिसात आहे."

"मग हा कोन हाये?" पलीकडे पावलांचा आवाज. "थांब. उठवते त्याले."

रजतने कळफलकावरचा वर जाणारा बाण दाबला. जुनी ओळ परत आली. त्याच्या नावाची.

"रजत, नको."

"आधी पायनारा वाचते असं नाही," रजत म्हणाला. "पण पायलं तर पाहिजे." त्याने हॅश खोडला.

"आई, उठवू नको त्याला!"

एंटरचा आवाज फार लहान असतो.

पडद्यावर रजतच्या नावापुढे उमटले: राहिला.

मग भिंत. डोळ्यांपासून वीतभर, पोपडे धरलेला पिवळा चुना. कूलरचा गार, ओला झोत पाठीवर. तोंडात चहाची जुनी चव, उशी भिजलेली. आईचा हात खांद्यावर होता.

संघपाल वळला. तिच्या दुसऱ्या हातात फोन होता, कानापासून दूर धरलेला.

"हे पाय," ती म्हणाली, "अजून बोलूनच राह्यला."

आणि त्या फोनमधून, एसीच्या घरघरीतून, त्याचाच आवाज अगदी स्पष्ट येत होता: "आई, उठवू नको त्याला. आई, ऐकतेस न?"