पिवळ्या ओळी कुणाच्या

ती दुकानात शिरली तेव्हा तिच्या हातातलं प्लास्टरचं ढेकूळ वाजत होतं.

काउंटरमागचा तरुण चहाचा कप तसाच हवेत धरून बघत राहिला. आधी ढेकळाकडे, मग तिच्याकडे. तिच्या भुवईवरही थोडं पांढरं लागलेलं होतं.

"उचला ना," तो म्हणाला. "कुणीतरी कधीचं फोन करतंय."

"ताई असेल. कुठून उचलायचा ते सांगा, उचलते."

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करायची. डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडांचे ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतून ती जबडे काढायची आणि त्या जबड्यांवर मेणाने दात बसवायची. त्या सकाळी एका हाताने प्लास्टर कालवत ती दुसऱ्या हातातल्या फोनवर कादंबरी वाचत होती. गोष्टीतल्या नायिकेचे डोळे भरून आले, हिचेही आले, आणि फोन थेट वाटीत गेला. तो बाहेर काढेपर्यंत प्लास्टर आवळलं होतं.

ढेकूळ वाजायचं थांबलं. थोड्या वेळाने पुन्हा घुमल्यासारखं वाजलं, मग कायमचं गप्प झालं. दोघंही नकळत आवाज खाली आणून बोलायला लागले.

"गेला," तो म्हणाला. "नवा घ्यावा लागणार. काय करता फोनवर जास्त?"

"वाचते."

"चला, कॅमेऱ्याचं न विचारणारं एक तरी माणूस भेटलं. बसून वाचता की लोळून?"

"हे कशाला हवंय तुम्हाला?"

"लोळून वाचणाऱ्याला मी हलका फोन देतो. डोळा लागला की तो नाकावर आपटतो, आणि शिव्या मला बसतात."

"...लोळून."

"उताणं की कुशीवर?"

"आता मात्र तुम्ही फार चौकशा करताय."

"म्हणजे कुशीवर," तो अगदी गंभीरपणे म्हणाला. "पडदा आपोआप आडवा होतो तो त्रास असेल. ते बंद करून देतो."

तिला हसू आलं. हा माणूस बॅटरीवर तासभर बोलू शकेल हे तिच्या तेवढ्यात लक्षात आलं, आणि ऐकायला आपली हरकत नाही हेही. त्याने तिच्यासमोर तीन-चार फोन मांडले. कुठला पडदा डोळ्यांत टोचत नाही, कुठली बॅटरी दिवसभर पुरते, कुठल्या फोनचे चार कॅमेरे नुसतेच मिरवायचे. मग वाचनाच्या अ‍ॅपवर आला. "फुकट आहे म्हणून वाईट नसतं. हे बघा, यात मध्येच जाहिराती उड्या मारत नाहीत. पुस्तक एकदा उतरवलं की नेट नसलं तरी चालतं. अक्षर हवं तेवढं मोठं करा. आणि जे अ‍ॅप तुमचे सगळे नंबर मागेल त्याला दारातूनच वाटेला लावा. पुस्तकाला तुमच्या मावशीचा नंबर कशाला हवा?"

तिने सर्वांत हलका फोन घेतला. निघताना तिने मागे वळून पाहिलं, तर तो ते ढेकूळ कानाशी धरून ऐकत होता.

अ‍ॅपमध्ये तिने सहज एक जुनी कादंबरी उघडली. पहिली पानं गहाळ होती, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. गोष्ट एकदम नदीकाठच्या एका घरात सुरू व्हायची. त्या घरातली बाई होडी आणायला गेलेल्या माणसाची वाट बघत होती. इतकंच होतं, तरी पुस्तक खाली ठेववेना. जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये ती एकटीच असायची. भिंतीवरच्या फळ्यांवर पांढरे जबडे रांगेने बसलेले, खिडकीबाहेर धुकं दाटलेलं, आणि समोर ती नदी.

आणि एक दिवस पान आपोआप पुढे गेलं.

तिने बोटही लावलं नव्हतं. तिने मागे आणलं, ते पुन्हा पुढे गेलं. जणू कुणीतरी तिच्या खांद्यावरून वाचत होतं आणि तिच्यापेक्षा भरभर वाचत होतं. संध्याकाळी ती तडक दुकानात गेली.

"फोनमध्ये कुणीतरी आहे," ती म्हणाली.

तो आधी हसला आणि मग कानापर्यंत लाल झाला. "मी आहे." मग घाईघाईने, "म्हणजे... चूक माझीच. लोक पासवर्ड विसरतात आणि माझ्याकडे भांडायला येतात. म्हणून मी सगळ्यांच्या फोनमध्ये दुकानाचंच खातं उघडून देतो. तुम्ही वाचता ते पुस्तक माझ्याकडेही दिसतं. बघितलं काय आहे ते, आणि अडकलो."

"म्हणजे मी कुठे रडते ते सगळं तुम्हाला कळतं?"

"रडता ते नाही कळत. थांबता ते कळतं." मग खाली बघत, "बंद करू का? तुम्हाला वेगळं खातं देतो."

नको म्हणायला तिने बराच वेळ लावला, पण नको असंच म्हटलं.

त्यानंतर पिवळ्या खुणा दिसायला लागल्या. आवडलेल्या ओळीवर बोट फिरवलं की ती पिवळी होते, एवढीच त्या अ‍ॅपमधली सोय. पहिली ओळ होती, 'तुझा आवाज ऐकला की मला घरचा रस्ता आठवतो.' तिने ती इतक्यांदा वाचली की मेण थंड होऊन गेलं. त्याला विचारायची मात्र तिची छाती झाली नाही. विचारलं तर तो लाजेल, लाजला तर खुणा थांबतील. शिवाय बॅटरीवर तासभर बोलणारा माणूस स्वतःबद्दल चकार शब्द काढत नाही, हे तिला आता ठाऊक झालं होतं. बोलता येत नाही तर खुणा करतोय बिचारा, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

दुसरी ओळ होती, 'निळ्यात तू वेगळीच दिसतेस.' दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून ती निळा कुडता घालून दुकानात गेली, तर तोही निळा शर्ट घालून उभा. इस्त्रीची घडी अजून मोडली नव्हती.

"छान दिसतोय," ती म्हणाली.

"तुम्हीपण," तो म्हणाला. मग काउंटर पुसायला लागला. काउंटर आधीच लखलखीत होता.

कधीतरी तुम्हीचं तू झालं. कधी, ते दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही. ताईच्या मात्र सगळं ध्यानात येत होतं. "फोनला काचेचं कव्हर, मग कव्हरला कव्हर," ती म्हणायची. "आता काय फोनला स्वेटर घेणार आहेस का, धाकटे?"

पण एकेकदा ती दचकायची. खूण तिच्या डोळ्यांदेखत उमटायची तेव्हा ती सावकाश यायची, एकेक अक्षर करत. लिहिणं नुकतंच आठवलेल्या कुणाच्या बोटासारखी. एकदा तो तिच्या समोर बसून, दोन्ही हातांनी कुणाचा तरी फोन उघडून त्यातला स्क्रू शोधत होता, आणि तिच्या मांडीवरच्या फोनमध्ये एक ओळ पिवळी होत होती. नेट कमी असेल, उशिरा पोचली असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. प्रेमात माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतं.

त्याच सुमाराला दुसऱ्या शहरातल्या एका मोठ्या लॅबचं बोलावणं आलं. तिथे ती दात नुसते बसवणार नव्हती, घडवायला शिकणार होती. एकेका माणसाच्या चेहऱ्याजोगा एकेक दात. कित्येक वर्षं तिला हेच हवं होतं. ताईला आनंद झाला, लॅबच्या मालकांना झाला. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो नुसता "अरे वा" म्हणाला आणि पुन्हा काउंटर पुसायला लागला.

रात्रभर तिला राग येत राहिला. सकाळी पुस्तक उघडलं, तर पान आधीच तिच्यासाठी लावून ठेवल्यासारखं समोर होतं. 'जाऊ नकोस. गेलेली माणसं परत येतात, पण ती तीच नसतात.' तिच्या अंगावर काटा आला. भीतीचा की सुखाचा, हे तिने शोधलं नाही. तिने मोठ्या लॅबला फोन लावला आणि जमणार नाही म्हणून सांगितलं.

त्या दिवशी धुकं संध्याकाळपर्यंत उठलंच नाही. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.

"मी नाही म्हणून कळवलं," ती म्हणाली. चेहऱ्यावरचं हसू तिला आवरत नव्हतं.

त्याचा चेहरा उतरला. "का पण?"

"का म्हणजे? तूच तर म्हणालास."

"मी? मी काय म्हणालो?"

"तोंडाने कधी म्हणतोस तू? पुस्तकात. जाऊ नकोस म्हणून."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "ती खूण तू केली होतीस," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, जाऊ नकोस असं मी म्हणावं अशी तुझी इच्छा आहे... आणि मला म्हणवत नव्हतं. सगळ्या खुणा तूच करतेस ना? मी तुझ्यासाठी निळा शर्ट विकत आणला."

"माझ्यासाठी? मी तुझ्यासाठी निळा कुडता घातला होता."

तिला संशय आला. अंगाशी आलं की हात वर करणारी माणसं तिने पाहिली होती. नोकरी नाकारून बाई दारात उभी राहिली, आणि हा घाबरला.

"खोटं बोलू नकोस," ती म्हणाली. "नको असेन तर सरळ सांग. पुस्तकाला पुढे करू नकोस."

त्याने दुकानाच्या खात्याची यादी उघडली आणि फोन तिच्यापुढे सरकवला. दुकानातून गेलेले सगळे फोन त्यात होते. कोण कुठलं पुस्तक वाचतं तेही होतं. कुणी रहस्यकथा, कुणी बागेची माहिती, कुणी मुलांच्या गोष्टी. नदीकाठचं पुस्तक उघडलेले फोन दोनच होते, तिचा आणि त्याचा.

"मग आपल्या दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय," ती म्हणाली.

"तसंच असू दे," तो म्हणाला. "दुसरं काही असण्यापेक्षा तेच बरं."

मग तिनेच सुचवलं. दोघांनी आपापल्या फोनवर शेवटचं प्रकरण उघडलं, फोन काचेच्या काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले आणि हात मागे बांधले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. बाहेरच्या धुक्यातून कुणीतरी चालत गेलं, त्याची पावलं दुकानासमोर जरा रेंगाळली आणि पुढे गेली. काहीच होत नव्हतं. तिला वाटलं आता आपण हसू, आणि हे सगळं थट्टेवारी जाईल.

तेवढ्यात दोन्ही पडद्यांवर एकाच जागी पिवळा ठिपका उमटला.

तो सरकायला लागला. एकेक अक्षर, सावकाश, दोन्हीकडे एकाच वेगाने. तिचे हात पाठीमागे होते, त्याचेही होते. तो खोटं बोलत नव्हता. त्या क्षणी, एवढ्या भीतीतही, तिला त्याचाच सगळ्यात जास्त आनंद झाला.

'आता कुठे जायचं नाही,' ओळ पिवळी होत गेली, 'आपण तिघं...'

तिने दोन्ही फोनांवर तळहात ठेवले. काच गरम झाली होती.

"नको," ती म्हणाली. "पुढचं नको वाचूस."

"मी खातंच बंद करतो. आत्ता. थांब, पासवर्ड—"

"ते नंतर. आधी तू सांग. यातलं नाही, तुझं. मी जाऊ की नको?"

सवयीने त्याचा हात काउंटर पुसायच्या फडक्याकडे गेला आणि अर्ध्यात थांबला. तिने हात उचलले नाहीत. हा आता बोलला नाही तर आपल्याला जन्मभर दुसऱ्याच कुणाच्या तरी ओळींवर राहावं लागेल, हे तिला स्वच्छ कळलं.

"जा," तो म्हणाला.

तिने श्वास रोखला.

"जा. फोन कर त्यांना, सांग की चुकून नाही म्हटलं, येते. मला... मला तू इथे हवी आहेस. रोज हवी आहेस. दुकानाचं दार वाजलं की आधी तूच आलीस असं वाटतं. पण तू दात घडवायचं सांगत होतीस ना, तेव्हा तुझा चेहरा... तो मला घालवायचा नाहीये. मी सुट्टीच्या दिवशी येईन. तिकडेही फोन बिघडतात. लागलंच तर दुकान तिकडे मांडीन. नीट सांगता येत नाहीये मला."

"येतंय," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चांगलं येतंय. पुढे?"

"पुढे... तू मला फार आवडतेस. बस, एवढंच. हे पुस्तकात असेल का माहीत नाही."

"नाही आहे," ती म्हणाली. "त्यातल्या बाईचा माणूस कधी परत येतच नाही."

तिच्या तळहाताखाली दोन्ही फोन थरथरले. एकदा, मग पुन्हा, जरा जोरात. त्याने आपले हात तिच्या हातांवर ठेवले आणि दाबून धरले. बोटांच्या फटींतून पिवळा उजेड वर येत राहिला, आणि खाली काय लिहून आलंय ते दोघांपैकी कुणीही पाहिलं नाही.