पंधरा डीबीची बाई

घाटकोपरात आमचा इंटरनेटचा छोटासा धंदा आहे. गच्चीवर चढून डिश लावतो तो देवदत्त, माझा नवरा. गणित मी करते. शिकवलं कुणी नाही. घरखर्चासारखंच ते: तिकडून किती निघालं, हवेत किती सांडलं, वायरीनं किती खाल्लं, उरेल तो सिग्नल आपला.

कांजूरमार्गला सुगंधाचा क्लास आहे. त्याला आम्ही आमच्या गच्चीवरून हवेतून लाइन दिली: एक डिश इथे, एक तिच्या गच्चीवर. माझ्या हिशेबाएवढाच सिग्नल पोचला. मग तो रोज दुपारी पंधरा डीबीनं, म्हणजे तिसाव्या हिश्शावर, पडायला लागला. झाड वाढलं तर हळूहळू पडतो. हा झटकन पडायचा आणि तासाभरानं पूर्ववत. डिशसमोर माणूस उभा राहिला की असाच पडतो.

नेमका त्याच वेळी देवदत्त घरात नसायचा. परतायचा तो गुणगुणत. इस्त्रीचा शर्ट, दुसऱ्यांदा आंघोळ. विचारलं तर म्हणे, गच्चीवर होतो. आमच्याकडे लिफ्ट नाही आणि माझे गुडघे पाच मजल्यांचं नाव काढत नाहीत, हे त्याला ठाऊक. गणित घट किती ते सांगतं. कुठल्या टोकाला, ते सांगत नाही. ते मीच ठरवलं. सुगंधा एकटी राहते, सडपातळ आहे, आणि घावणे झकास करते असं तोच म्हणाला होता.

परवा दुपारी त्याला न सांगता कांजूरला गेले. भांडायचं नव्हतं, तो अजून माझा आहे का, एवढंच बघायचं होतं. सुगंधानं पाणी दिलं. म्हणाली, "दादा दिवाळीनंतर फिरकलेच नाहीत, वहिनी."

मला लाजच वाटली. तरी लिफ्टनं वर गेले. गच्चीवर लोखंडी खांब, आमची डिश आणि कुणाचे तरी वाळत घातलेले पापड. माणूस नाही. मोबाइलवर सिग्नलची लेव्हल उघडून बसले. ठीक होती.

मग पडली. पंधरा.

इथल्या डिशसमोर कुणी नव्हतं. म्हणजे घाटकोपरात, आमच्या टोकाला.

फोन लावला. "कुठे आहेस?"

"गच्चीवर. कोण बोलतंय?"

"कोण म्हणजे? कुंदा. डिशसमोरून बाजूला हो जरा."

"मी टाकीपाशी बसलोय." त्याचा आवाज उतरला. "डिशसमोर कुंदा आहे. केस वाळवतेय."

इथे वारा होता. फोनमध्येही होता.

त्यानं फोन बाजूला धरून कुणाला तरी विचारलं, "काय गं, हा तुझाच नंबर कसा?"

एक बाई हसली. लग्नाच्या वर्षी मी हसायचे तशी, पोटातून.

"ठेव रे," ती म्हणाली, अगदी मायेनं.

त्यानं ठेवला.