चुकीचा सांगितलेला सिनेमा

बोटाला सुई टोचली आणि तो माणूस चक्क शेळीसारखा ओरडला.

"अगे माऽऽय वोऽऽ!"

कुरखेड्याच्या दवाखान्यात मलेरियाच्या तपासणीसाठी रांगेत उभे असलेले लोक खो खो हसले. झाडझूड करणारी केसरबाई तर झाडू टाकून खालीच बसली. रक्त घेणारी मोनाली तेवढी हसली नाही. काचपट्टी तिच्या हातात तशीच राहिली. त्याच्या बोटावरचा लाल थेंब मोठा होत गेला...

हा आवाज ती आठ वर्षं ऐकत होती.

"तुमी—" ती म्हणाली. "तुमी मनकर्णा हाव?"

तो कानांच्या पाळ्यांपर्यंत लाजला. "मनकर्णा बी मीच, लटारू बी मीच. नाव हेमराज."

"थेंब पुस वो पोरी," केसरबाई म्हणाली. "मंग पाह्यजो त्याच्याकडे."

*

'लटारूची टॉकीज' ही मोबाइलवरची कार्टूनची मालिका. लटारू नावाचा लुकडा सालदार गडी आणि त्याची बोलकी शेळी मनकर्णा, दोघं मिळून दर पंधरवड्याला एका गाजलेल्या सिनेमाची फजिती करायचे. मोनाली गडचिरोलीच्या वसतिगृहात शिकत होती, तेव्हा घराच्या आठवणीने रडू आलं की ती हेच लावून बसे. सिनेमात महासागरात बुडणारं जहाज इथं गावच्या मामा तलावात, म्हणजे जुन्या मालगुजारी तळ्यात बुडे. जहाज म्हणजे लाकडी डोंगा, आणि तो बुडायचा कारण मनकर्णाने त्याची दोरी खाल्लेली असे. उशीत तोंड खुपसून मोनाली हसायची.

पण अलीकडे? अलीकडे 'धानाची लोंबी' या नावाने ती प्रत्येक भागाखाली लिहीत होती:

भाग १८१. हिरोचा चष्मा तोच, डायलॉग तोच. शेळी नुसती बाजूले उभी. ही फजिती नाई, झेराक्स हाय.

भाग १८६. मनकर्णा 'मला' म्हणाली! आमच्या गावची शेळी 'मले' म्हणते.

भाग १९६. हसू आलं नाई. तरी पाह्यली. दोनदा.

*

दुसऱ्या दिवशी तो रिपोर्ट न्यायला आला.

"मलेरिया नाई," मोनाली म्हणाली. "मनकर्णाले मात्र काईतरी झालं हाय. वर्ष झालं."

"'धानाची लोंबी' बी असंच म्हणते." त्याने कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "कोन हाय कोनजाने. एकदा भेटली पाह्यजे."

"भेटली त?"

"विचारीन, बाई, एवढं आवडत नाई त पाह्यतेस काऊन?"

"आवडते म्हणून!" ती पटकन बोलून गेली. जीभ चावली, पण उशीर झाला होता.

हेमराज तिच्याकडे पाहतच राहिला. मग अगदी हळू—

"...दोनदा?"

"...दोनदा."

*

चहाच्या टपरीवर त्याने सगळं सांगितलं. कपात बघत, वर न बघता.

"माही मावशी, बायनाबाई. तिनं जिंदगीत सिनेमा पाह्यला नाई. मी पाहून यायचो अन् धानाच्या बांधीवर तिले गोष्ट सांगायचो. चिखलात रोपं रोवता रोवता ती बाकीच्या बायांना सांगायची. समदी चुकीची! महासागर तिले मालूम नाई, म्हणून तलाव. व्हिलनच्या पिस्तुलाचा तिनं विळा केला, कारण पिस्तूल तिच्या ध्यानातच राहे नाई. मी फक्त ते चित्रात काढलो. गेल्या वर्षी ती नातवंडं सांभाळाले लेकीकडे गेली, सिरोंच्याले. आता मी एकटाच पाह्यतो. जसा हाय तसाच काढतो."

"म्हणजे चूकच संपली," मोनाली म्हणाली.

"हो ना. म्हणून दोनशेव्या भागाले बंद करून राह्यलो. पुण्याच्या कंपनीनं बोलावलं हाय."

मोनालीच्या हातातला कप टेबलावर जरा जोरात टेकला. आठ वर्षं ज्याच्या आवाजाने तिचं रडू थांबवलं होतं, तो माणूस कालच सापडला आणि लगेच निघालाही...

"चार भाग उरले," ती म्हणाली. "मी बी सिनेमा पाह्यत नाई. अर्ध्या तासात झोपते. मले सांगा."

*

मग तलावाची पाळ. संध्याकाळ. तो सांगे, ती ऐके. ऐकताना तिची वेणी सुटायची आणि त्याची गोष्ट अडखळायची. दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट ती त्याला परत सांगे. हेलिकॉप्टरचा तिने धान उफणायचा पंखा केला. राणीचा हिऱ्यांचा हार तिच्या तोंडून मोहफुलांचा झाला, आणि तो चोरीला गेलाच नाही. मनकर्णाने खाल्ला आणि ती भर दरबारात झिंगली.

"असं नव्हतं," हेमराज हसून हसून पाळीवरून घसरायचा.

"मंग कसं होतं?"

"ध्यानातच नाई आता. तुहंच खरं."

'तुमचं'चं 'तुहं' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

भाग १९८. खाली कुणी कुणी लिहिलं: मनकर्णा वापस आली बे! एटापल्लीच्या एका पोराने नुसते हसरे चेहरे टाकले, मोजून चाळीस. 'धानाची लोंबी' मात्र गप्प. तिला आता प्रत्यक्ष भांडता येत होतं.

*

मग उरला दोनशेवा. रविवारी त्याची गाडी होती. तिकीट खिशात.

"शेवटचा सिनेमा सांगतो," हेमराज म्हणाला. धानाची कापणी झाली होती, वाऱ्याला तणसाचा वास होता. "एक पोरगा राह्यते. दुसऱ्याच्या गोष्टीची फजिती करनं त्याले जमते, सोताची सांगनं जमत नाई. एक पोरगी त्याले सुई टोचते. मंग तोंडावर सांगते, तुही शेळी बिघडली. तवापासून त्याले..." तो थांबला. तलावात एक मासा उडाला. "रविवारी तो पुण्याले जाते. पोरीले काईच सांगत नाई. खतम."

"बस?"

"बस. आता तू सांग."

मोनालीने गवताची काडी तोडली. तिचे दोन तुकडे केले, मग चार.

"एक पोरगा राह्यते," ती म्हणाली. "सुई टोचली की शेळीसारखा वरडते. पोरगी त्याले आवाजावरून ओळखते, कारण ती त्याच्यावर... आठ वर्षांपासून... त्या बुद्दूले मालूमच नाई. रविवारी तो स्टँडवर जाते. खिशात हात घालते..." तिने मान वर केली. "अन् तिकीटच नाई. मनकर्णानं खाल्लं."

"मोनाली... सिनेमात असं नव्हतं."

"मी चुकीचंच सांगते. माह्याकडं आला कायले मंग?"

"अन् कंपनीले काय सांगते तो?"

"शेळीनं तिकीट खाल्लं म्हणते."

हेमराजने खिशातून तिकीट काढलं. बराच वेळ बघितलं. मग त्याचा एक कोपरा दातांत धरला, टरकन फाडला आणि चावू लागला. डोळे तिच्यावर, आवाज मनकर्णाचा—

"अगे माऽऽय वोऽऽ... खारट हाय!"

*

भाग २०१. धानाची लोंबी: तिकीट कोनी खाते काय, असं विचारनाऱ्यानो, मी तिथंच होती.