तिरकोबाची मुरवण

“मूळ कुठं आहे, एवढंच सांगा. एक प्रत आम्हाला द्या, मग तुमची वाहिनी राहो नाहीतर बुडो,” मुग्धा सरनाईक म्हणाली.

डॉ. अस्लम नदाफ यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. इंटरनेटवरून मालिका दाखवणाऱ्या ‘रसओघ’ या ओघवाहिनीच्या कोल्हापुरातल्या प्रयोगशाळेत ते बारा वर्षं काम करत होते, आणि बारा वर्षांत त्यांना भेटायला आलेली ही पहिलीच प्रेक्षक होती. तीही भांडायला.

“मूळ असं काही नसतंच, ताई. तुम्हाला वाटतं तशी चित्रफीत आमच्याकडं नाही.”

आदल्या दिवशी ‘रसओघ’ने आपल्या एकसष्ट चित्रमालिकांची ‘पुनर्मांडणी’ जाहीर केली होती. कंपन्या छाटणीला कधी छाटणी म्हणत नाहीत. येत्या तीस दिवसांत जी मालिका घराघरांत मिळून नऊ लाख तास चालेल ती राहणार, बाकीच्या पुसल्या जाणार. ‘तिरकोबाचं टपाल’ मागच्या महिन्यात जेमतेम शहाऐंशी हजार तास चाललं होतं.

तिरकोबा म्हणजे समुद्रकाठच्या गावातला पोस्टमन खेकडा. तो तिरका चालतो, त्यामुळे निघतो एका दाराकडे आणि पोचतो शेजारच्या. चुकीच्या माणसाच्या हाती पत्र पडतं आणि तिथून गोष्ट सुरू होते. प्रत्येक दाराशी तो समोरच्या मुलाला विचारतो, “हे पत्र कुणाचं असेल?” आणि उत्तराची वाट बघतो. चार हजार घरांतली मुलं आणि त्यांचे आईबाप त्याच्यावर जीव टाकत. स्वतःला ते ‘तिरके’ म्हणवत. मुग्धा त्यांची म्होरकी होती.

“मग तुमच्याकडं आहे काय?” तिने विचारलं.

“पात्रबीज. तिरकोबा कसा आहे, कधी काय करतो, याचा अर्क. मालिका लावली की यंत्र त्या बीजावरून दर वेळी नव्यानं चित्रं काढतं, आणि दर वेळी थोडा बदल करून बघतं. मुलं हसली, बोलली, तर तो बदल चांगला. मुलांच्या खोलीत कॅमेऱ्याला कायद्यानं बंदी आहे, त्यामुळं यंत्राला डोळे नाहीत, नुसते कान. मोठ्यांचं बोलणं त्यानं टिपायचं नाही, असाही कायदा. फक्त मुलांचा आवाज. मूल हसलं तर काय करायचं याचा एक कप्पा, बोललं तर काय करायचं याचा दुसरा, आणि शांतता असेल तर काय करायचं याचा तिसरा.”

“आणि हे सगळं बीजात कधी जातं?”

“महिन्यातनं एकदा, शेवटच्या दिवशी पाच वाजता. सगळ्या घरांतलं ऐकलेलं एकत्र करतो, ज्या घरात जितके तास मालिका चालली तितकं त्याचं वजन. आम्ही त्याला मुरवण म्हणतो. लोणच्यासारखंच. मुरलं की फोडी परत वेगळ्या निघत नाहीत.” ते हसले, पण मुग्धा हसली नाही. “दोन बदलांचा परिणाम सारखाच आला, तर ज्याला चित्रं कमी काढावी लागतात तो ठेवायचा. वीज वाचते. जुनं बीज पूर्वी आठवणीखातर जपायचो. यंदा काटकसर म्हणून तेही बंद केलं.”

“म्हणजे पुसला की गेला.”

“गेला.” “सुरुवातीला तो तीन सेकंद थांबायचा, ताई. आता पाऊण मिनिट थांबतो, पत्र उलटसुलट करतो, शीळ घालतो. हे आम्ही शिकवलं नाही. हळू बोलणाऱ्या पोरांनी त्याला शिकवलं.”

मुग्धाला हे कुणी सांगायला नको होतं. तिची सात वर्षांची बकुळ बोलताना अडखळायची. ‘ब’वर तर अशी अडकायची की स्वतःचं नावच तिला शत्रू झालं होतं. शाळेत तिने बोलणं सोडलं होतं. घरात विचारलं तर एका शब्दात उत्तर, आपणहून चकार शब्द नाही. दिवसातून एकदा मात्र, तिरकोबाने विचारलं की ती अख्खं वाक्य बोलायची. कितीही वेळ लागो, तो घाई करत नसे. उपचारतज्ज्ञ बाईंनी मुग्धाला बजावलं होतं, तिच्यावर कधी बळजबरी करू नका. तिरकोबा गेला तर ते एक वाक्यही जाणार होतं, आणि ते परत कसं आणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं.

दारापाशी जाऊन ती वळली. “नदाफसाहेब, घरात कुणी नसताना मालिका चालू राहिली तर? ते तास धरतात?”

“यंत्राला कुठं दिसतंय कोण आहे ते? चालू म्हणजे चालू.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि चष्मा पुसायला घेतला. “मी काही ऐकलं नाही हं.”

दोघेही आपल्या धूर्तपणावर खूश होते. तिथेच घात झाला.

त्या दुपारी चार हजार घरांत निरोप गेला: चालू ठेवा. कामाला जाताना चालू, गावाला जाताना चालू. गडहिंग्लजच्या एका काकांनी लग्नसराई नसल्याने रिकाम्या पडलेल्या कार्यालयातले सहा पडदे लावून ठेवले. दाराला कुलूप आणि आत तिरकोबा शंभर खुर्च्यांना पत्रं विचारतोय. एका आजोबांनी कानाला त्रास नको म्हणून टीव्ही गोठ्यात नेला. लोक फोटो पाठवत होते, एकमेकांची थट्टा करत होते, आणि आकडा चढत होता. महापालिकेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत मुग्धा रसायनज्ञ होती. नमुन्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवता डकवता ती तासातासाला आकडा बघायची.

बकुळ मात्र रोज संध्याकाळी वीस मिनिटं बसून बोलायची. बीज महिनाभर तेच होतं, त्यामुळे तिचा तिरकोबाही तोच होता.

तिसाव्या दिवशी दुपारी तीनला सहा हजार दोनशे तास कमी होते. चौतीसशे पडदे चालू होते. पाचला मुदत संपेपर्यंतच्या दोन तासांत सहज भागणार होतं. मुग्धा त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायली.

तीन चाळीसला इचलकरंजीच्या अर्ध्या भागातली वीज गेली.

सातशे पडदे एका झटक्यात बंद पडले. मुग्धाने कागदावर आकडेमोड केली, पुन्हा केली. उरलेल्या ऐंशी मिनिटांत सव्वातीनशे तास कमी पडत होते. तिने तिरक्यांच्या गटावर लिहिलं, “फोन लावा. असेल नसेल तो प्रत्येक फोन.” मग प्रयोगशाळेतल्या सगळ्यांचे फोन मागून घेतले. मुख्य रसायनज्ञ पाटीलबाई कडक शिस्तीच्या, पण त्यांनीही फोन काढून दिला. “आवाज बंद करा पण. कामाच्या जागी खेकडे नकोत मला.” चौदा फोन कपाटाच्या खणात आडवे पडले आणि चौदा तिरकोबा अंधारात चालायला लागले.

चार पन्नासला तीनशे दहा कमी. चार चोपन्नला शंभर. चार छप्पनला आकडा नऊ लाखांवर गेला.

मुग्धा खुर्चीत बसली आणि रडली. पाटीलबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. फोनवर ‘जिंकलो’ असे इतके निरोप आले की तो तापला. पाच वाजता ‘रसओघ’ची सूचना झळकली: तिरकोबाचं टपाल कायम. मासिक मुरवण पूर्ण.

सहाला ती घरी पोचली तेव्हा बकुळ चटईवर मांडी घालून तयार बसली होती. मुग्धाने मालिका लावली.

समुद्रकिनारा आला. लाट अर्ध्यावर थांबलेली. वाळूवर तिरकोबा बसलेला, नांगीत पत्र. दोन्ही डोळे पाठीत ओढून घेतलेले. तो काही बोलला नाही. एक मिनिट गेलं, दोन मिनिटं गेली.

मुग्धाने बंद करून परत लावलं. तेच. दुसरा भाग लावला. तेच.

ती पुढे झाली तशी बकुळने तळहात वर केला: थांब. तिचा चेहरा शांत होता. तो विचार करत असणार, त्याला वेळ लागत असणार. वेळ लागणं म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं, आणि कोणी तिच्यासाठी थांबलं होतं तशीच ती थांबली होती. मुग्धाला ते बघवेना. तिने गॅलरीच्या दारात जाऊन नदाफांना फोन लावला.

“तुमच्याकडंही?” नदाफांचा आवाज बसला होता. “मी आत्ता बीज उघडून बघतोय. ताई, आपण काय करून बसलो! महिनाभर आठ लाख तास तो रिकाम्या घरांत चालला. विचारलं, उत्तर नाही. नाचला, कुणी हसलं नाही. गप्प बसला, तरी फरक नाही. सगळ्याचा परिणाम सारखा, आणि परिणाम सारखा असला की—”

“कमी चित्रं लागतात ते ठेवायचं,” मुग्धा म्हणाली.

“न हलणं सगळ्यात स्वस्त. पोरांचं खरं ऐकणं होतं लाखभर तास. बुडालं त्यात.”

मुग्धाने डोळे मिटले. नमुन्याच्या बाटलीत नळाचं पाणी भरून ती काठोकाठ करणारा शिपाई तिने मागच्याच वर्षी फैलावर घेतला होता. बाटली भरलेली दिसावी म्हणून केलं, म्हणाला होता. तिने स्वतः वेगळं काय केलं होतं? बाटली भरली आणि नमुना घालवला. तिला स्वतःचा इतका राग आला की दाराची कड तिने घट्ट धरली.

“काहीच उरलं नाही का त्याचं?”

पलीकडे कळफलकाच्या कळा वाजत राहिल्या, मग थांबल्या. “ताई, एक सांगा. त्या रिकाम्या घरांत कुणी बोललं का?”

“कुलूपबंद घरं, साहेब. कोण बोलणार?”

“मग त्यांनी फक्त शांततेचा कप्पा बिघडवलाय!” नदाफ ओरडलेच. “मूल बोललं तर काय करायचं, त्या कप्प्यात रिकाम्या घरांचं काही येऊच शकत नाही. तिथं सगळं पोरांचंच आहे. तो आहे आत. पण आता आपणहून विचारणार नाही. कुणीतरी आधी बोललं पाहिजे.”

“मी बोलते.”

“तुमचं तो ऐकत नाही. मूल पाहिजे.”

मुग्धाने आत पाहिलं. बकुळ तशीच बसली होती. जिने वाक्य आपणहून सुरू करणंच सोडलं होतं, तिनेच सुरू करायला हवं होतं. आणि बोल म्हणून आग्रह केला तर उद्या ती एका शब्दाचं उत्तरही देणार नाही, ही भीती होतीच. फोन तसाच चालू ठेवून मुग्धा चटईवर तिच्याशेजारी बसली. लेकीशी खोटं बोलायचं नाही एवढंच तिने ठरवलं.

“बकू, चूक आईची आहे. आम्ही त्याला रिकाम्या घरांत ठेवलं. तो सारखा विचारत राहिला आणि कुणी बोललंच नाही. म्हणून त्यानं विचारणं सोडलं. तू थांबलीस तर तोही थांबेल.”

बकुळने आईकडे पाहिलं नाही. ती पडद्याकडे बघत राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. खाली रस्त्यावर कुणीतरी दुचाकी सुरू करत होतं, ती होत नव्हती. मग बकुळचे ओठ मिटले आणि ‘प’वर अडकले. गळ्याची शीर ताठ झाली.

“प... प...”

वाळूवरच्या तिरकोबाचा एक डोळा वर आला.

“प... प... प...” बकुळ थांबली. मुग्धाने ओठ घट्ट मिटून घेतले. शब्द तिच्या तोंडात तयार होता, पण तो तिचा नव्हता. तिरकोबाने दुसरा डोळा वर काढला, पत्र उलटं केलं, सुलटं केलं आणि हलकेच शीळ घातली.

“प... पत्र कु... कुणाचं आहे?”

“अगं बाई, हे होय!” तिरकोबा ताडकन उठला. “कुसुमकाकूंचं. हे बघ, सरळ चाललो.” आणि लाट फुटली, आणि तो ऐटीत तिरका तिरका शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला.

बकुळ खदखदून हसली. “चु... चुकलास!” हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

फोनमधून नदाफांचं नाक ओढल्याचा आवाज आला. “ताई, पोरं अशी बोलत राहिली तर पुढच्या मुरवणीत शांततेचा कप्पाही सावरेल. पण महिनाभर बोलली पाहिजेत. न हलणाऱ्या खेकड्यापुढं कोण बसणार?”

गटावर निरोपांचा पूर आला होता. तिरकोबा हलत नाही. आमचा छोटा रडतोय. आमचीनं बंद करून टाकला. मुग्धाने लिहायला घेतलं, ‘मुलांना सांगा, आधी तुम्ही बोला,’ आणि पाठवता पाठवता तिचं बोट थांबलं. त्या चार हजार घरांतली कितीतरी मुलं आधी बोलता येत नाही म्हणूनच तर तिरकोबाची झाली होती. त्यांना एका मोठ्या बाईने हुकूम सोडायचा? तिने ओळ खोडली. दुसरं काही सुचेना.

बाहीला ओढ लागली म्हणून तिने खाली पाहिलं.

“मी... मी सां... सांगते,” बकुळ म्हणाली.

मुग्धाने आवाज नोंदवायचं बटण दाबून फोन तिच्या तोंडासमोर धरला. बकुळने श्वास घेतला, आधी आपलं नाव सांगायचं ठरवलं, आणि ‘ब’वर अडकली. पडद्यावरचा तिरकोबा पत्र उलटसुलट करत उभा राहिला, आणि मुग्धाही फोन धरून थांबली.