मापाचा पुतळा

समोरच्या खोलीत तो राहायला आला तेव्हा आमच्या मजल्यावर दार उघडं टाकून बसणारा तो एकटाच होता. जिन्यात भेटेल त्याला विचारायचा, जेवण झालं का. लोक दचकायचे. लहान गावात त्याचं शिंप्याचं दुकान होतं. घटस्फोटानंतर बायको मुलीला घेऊन शहरात आली, म्हणून दुकान मोडून हाही मागोमाग आला. आता कारखान्यात दिवसभर शर्टाच्या कॉलरी शिवायचा, नुसत्या कॉलरी.

"काकू, इथं येऊन अख्खा शर्ट काही अजून पाहिला नाही," म्हणायचा. मलाही शिवणाचा नाद, त्यामुळे आमचं जमलं.

मुलगी त्याच्याकडे रविवारी दुपारपुरती यायची. सात वर्षांची होती. तो तिला मुंगी म्हणे. तिला मुक्कामाला राहू द्यावं एवढंच त्याचं मागणं होतं, आणि तिच्या आईने बघू म्हटलं होतं. तोवर मुंगीला सगळे कपडे आपल्या हातचे द्यायचे, हा त्याचा हट्ट. पण माप घेण्यात दुपार सरायची. मग त्याने शक्कल लढवली. मुंगीला जुना बनियन घातला, त्यावर ओल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या, वाळल्यावर पाठीतून कापून साचा सोडवला, आत कापूस भरला आणि पाठ शिवून टाकली. डोकं नसलेला पुतळा तयार झाला.

"हिला निदान कोर्टाची परवानगी लागत नाही," तो म्हणाला, आणि आम्ही दोघं हसलो.

पहिले फ्रॉक अगदी अंगाबरोबर बसले. काही महिन्यांनी एक निळा फ्रॉक मुंगीच्या खांद्यावरून घसरला. मुलगी रोडावली असेल, असं मला वाटलं. पण तोच फ्रॉक पुतळ्यावर चढवला तर काखेत घट्ट होत होता आणि कंबरेत आखूड.

कापूस ओलीने फुगतो, मी म्हटलं. त्याने मान डोलावली. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती. फुगला तर जाड होईल, उंच कसा होईल?

मी स्वतः टेप लावली. खांद्यापासून कंबरेपर्यंत पुतळा वाढला होता. मुंगीच्या पायात मात्र गेल्या वर्षीचेच बूट होते, आणि ते तिला सैल होऊ लागले होते.

एका रविवारी तिची आई दारातच उभी राहून बोलली. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, काही सापडत नाही. मुलगी वाढायचीच थांबली आहे.

"तुमच्याकडे यायला लागल्यापासून," ती म्हणाली. "आता हे येणंही बंद."

त्या गेल्यावर तो माझ्याकडे आला. "पुतळा उसवूया," म्हणाला, "पण माझे हात चालत नाहीत."

पाठीची शिवण मीच उसवली. आत हात घातला. कापूस उबदार होता, अंथरुणातून नुकतंच कोणी उठल्यासारखा. मी त्याला सांगितलं नाही. सगळा पोत्यात भरून आम्ही खाली कचऱ्याच्या गाडीत टाकून आलो.

दोन रविवार कोणी आलं नाही.

तिसऱ्या रविवारी सकाळीच तिची आई आली. सोबत मुंगी, आणि कपड्यांची मोठी बॅग.

मुंगी चांगली वीतभर उंच झाली होती.

"आता तुमच्याकडेच राहू दे," आई म्हणाली. "कायमची." बोलताना तिने मुलीकडे एकदाही पाहिलं नाही. लिफ्टसाठी न थांबता ती जिन्याने उतरली, जवळजवळ धावतच.

तो रडत होता, हसत होता. मुलीसाठी गादी आणायला बाजारात पळाला. जाताना म्हणाला, काकू, तेवढी हिच्या फ्रॉकची घडी सोडून लांबी वाढवून द्या.

मी खाली बसून नवी घडी टाचत गेले. मुंगी न हलता उभी राहिली. माझी नजर आता पूर्वीसारखी राहिली नाही. शेवटची टाचणी कापडातून थेट तिच्या पोटरीत गेली होती, टाचणीचं डोकं टेकेपर्यंत.

"दुखलं का गं?"

"नाही, आजी."

मी टाचणी हळूच ओढून काढली आणि उजेडात धरली.

कोरडी होती.