रिकाम्या सीटवरून दिलेली रेस

ही घटना खरी आहे. नावं तेवढी बदलली आहेत. मला ती नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे. पण पदरचं काही घातलेलं नाही. देवदत्त माझ्या नात्यातला. त्यानं हे मला दोनदा सांगितलं, आणि दोन्ही वेळा शब्द तेच होते.

मुलुंड पूर्व. गेल्या नोव्हेंबरातला एक रविवार.

रात्र नव्हती. अमावास्याही नव्हती. दुपारचे साडेबारा वाजले होते आणि घराघरांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

देवदत्त सकाळपासून धुमसत होता. पवईहून आणलेली नवी बॅटरी बसवून तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये वडिलांच्या गाडीपाशी उभा होता, आणि धाकट्या भावाचा पत्ता नव्हता.

ती गाडी सहा महिने तशीच पडून होती. मे महिन्यातल्या एका रविवारी अनयनं इंजिनाचा धूर बाहेर नेणारा जुना भाग काढून भंगारात दिला. त्याजागी तो हेडर बसवणार होता. हेडर म्हणजे चार वाकड्या, चकचकीत नळ्या. त्यांनी म्हणे गाडीचा आवाज भारदस्त होतो. एक बोल्ट आत तुटला आणि काम अर्धवट राहिलं.

नेमक्या त्याच दुपारी वडिलांच्या, मार्तंडरावांच्या, छातीत कळ आली. गाडी दारात होती, पण इंजिन खोललेलं. रिक्षा मिळायला वीस मिनिटं लागली.

हॉस्पिटलच्या पायऱ्यांवरच ते गेले.

तेव्हापासून देवदत्तच्या तोंडी एकच वाक्य होतं. तेराव्याला, पाहुण्यांत, आईदेखत. “याच्या नळ्यांपायी बाबा गेले.” अनयनं कधी उलट उत्तर दिलं नाही. घर सोडून तो घाटकोपरला भाड्याच्या खोलीत राहायला गेला.

आता पार्किंगला रंग लावायचा होता. सोमवारी गाडी हलवा, अशी सोसायटीची नोटीस आली. आईनं, कुंदाताईंनी, दोन्ही मुलांना फोन केले. “एकदा तरी एकत्र उभे राहा रे. माझ्यासाठी.”

एक वाजता अनय आला.

“दहाला ये म्हटलं होतं.”

“भांडुपला बोल्ट आणायला गेलो होतो, दादा.”

“सहा महिने काय झोपला होतास? ऐक. आज हे बसव आणि नीघ. पुन्हा या घराची पायरी चढायची नाही. आईला मी समजावीन.”

अनयनं पिशवी खाली ठेवली. पाने काढले. तुटलेला बोल्ट काढला, जोड घट्ट बसवणारी गॅस्केट लावली, हेडर जागेवर धरला, मधल्या नटापासून सुरुवात करून एकेक आवळत बाहेर गेला. देवदत्त टॉर्च धरून उभा होता आणि तोंडाचा पट्टा चालूच होता.

जिन्यातून सेक्रेटरी नंदकुमार ओरडले, “दोनच्या आत आटपा हं! नंतर आवाज चालणार नाही.”

“सहा महिने गप्प पडली होती, तेव्हाही तुमची तक्रारच होती ना!” देवदत्त उसळला. नंदकुमार वर निघून गेले.

काम झालं. आता जोडातून धूर गळतोय का ते बघायचं होतं. एकानं सीटवर बसून रेस द्यायची, दुसऱ्यानं गाडीखाली जाऊन जोडाजवळ तळवा धरायचा, अशी पद्धत. गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडांवर, चढवलेली होती. देवदत्त खाली सरकला. अनयनं चावी फिरवली. इंजिन खोकलं आणि लागलं.

“रेस दे.”

आवाज चढला. हळूहळू, एकसारखा.

“सोड.”

उतरला.

“परत.”

पुन्हा चढला… तितक्याच सावकाश. देवदत्तला नवल वाटलं. अनयचा पाय एरवी धसमुसळा; असा अलगद पाय बाबांचा.

“आज बरा पाय चालतोय रे तुझा. त्या दिवशी डोकं असं चाललं असतं, तर बाबा गेले नसते.”

आणि…

इंजिन किंचाळलं.

नळ्या थरथरू लागल्या. घोड्यांवरची गाडी हलली. गरम हवेचा झोत तोंडावर आला.

“सोड! अनय, सोड म्हणतो ना!”

आवाज उतरेना. देवदत्तनं मान वळवली.

बंपरच्या पुढे दोन बूट दिसत होते.

अनयचे.

“दादा…” वरून आवाज आला. “मी मघाशीच उतरलोय. वरून धूर दिसला म्हणून.”

“मग आत कोण बसलंय?”

“कोणी नाही. पण रेसची वायर ओढली जातेय. माझ्या डोळ्यांसमोर.”

देवदत्त कसाबसा बाहेर आला, खिडकीतून हात घातला आणि चावी बंद केली. इंजिन थांबलं.

सीट रिकामी होती.

पण खाली अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला टेकलेला होता… आणि दोघांच्या देखत तो सावकाश वर आला. कुणीतरी पाऊल काढून घ्यावं तसा.

कुकरच्या शिट्ट्या थांबल्या होत्या. कावळे नाहीत. वरच्या मजल्यांवर टीव्ही नाही. काहीच नाही.

घाबरला की देवदत्त जास्तच चिडतो. तो अनयवर खेकसला, “वायर अडकलीय! तुझं कामच अर्धवट! तुझ्यामुळेच बाबा…”

ठक.

बंद गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर तळाला आपटला.

“तुझ्यामुळे…”

ठक. संतापलेल्या माणसानं पाय आपटावा तसा.

“दादा, बास कर.” अनयला रडू फुटलं होतं.

देवदत्तनं वाक्य तिथंच तोडलं. कारण एक गोष्ट फक्त त्यालाच ठाऊक होती. सहा महिने त्यानं ती कुणाला कळू दिली नव्हती.

“बाबांनी मला फोन केला होता,” तो म्हणाला. “कळ यायच्या तासभर आधी. बरं वाटत नाहीये, तुझी गाडी घेऊन ये म्हणाले.”

अनयनं मनात हिशेब केला. पवईहून मुलुंड, रविवारी वीस मिनिटं.

“मग? काय म्हणालास तू?”

“येतो म्हटलं थोड्या वेळानं…”

ठक.

देवदत्तनं डोळे मिटले. “ज्याला गाडी खोलायला दिलीत त्यालाच सांगा, म्हटलं. आणि फोन ठेवला.”

या वेळी आवाज आला नाही.

अनयनं फडकं उचललं. मग त्यानं एकेक बोट पुसलं.

“त्यांनी मला काहीच नाही सांगितलं. दुपारी मलाच चहा करून दिला. सहा महिने, दादा. सहा महिने मी झोपलो नाही. आईच्या डोळ्यांत बघितलं नाही.” पाना त्यानं इतक्या जोरात फेकला की तो भिंतीवर आदळून उडाला. “आईला तूच सांगायचंस. तोवर मला तोंड दाखवू नकोस.”

आणि तो गेला.

दुसऱ्या दिवशी देवदत्तनं मेकॅनिक आणला. वायर ठीक, पेडल ठीक, स्प्रिंग ठीक. देवदत्तनं तरी गाडीची बॅटरी काढून पवईला नेली आणि गाडी ढकलत कंपाउंडच्या कोपऱ्यात लावली.

आईला त्यानं अजून सांगितलेलं नाही.

मागच्या रविवारी तो जेवायला गेला होता. कुंदाताई वाढता वाढता म्हणाल्या, “अनय येत नाही, फोनवर धड बोलत नाही. अजून त्याच्यावर राग धरलायस का रे? की दुसरं काही आहे?”

“दुसरं काही नाही, आई. त्याचं त्यालाच खातंय.”

कुंदाताईंचा हात भाताच्या पातेल्यावर थांबला. त्यांनी खिडकीकडे मान वळवली.

“देवा… ही आपलीच गाडी ना रे? खाली कोण रेस देतंय?”

देवदत्त खिडकीपाशी गेला नाही. त्यालाही ऐकू येत होतं.

सावकाश चढणारा, एकसारखा आवाज.

त्यानं हे मला दुसऱ्यांदा सांगितलं त्याला चार दिवस झाले. काय करू, असं त्यानं विचारलं. आईला सांग, एवढंच मी म्हणू शकलो. तो मान हलवून गेला. परवा पुन्हा रविवार आहे, आणि तो सांगेल असं मला वाटत नाही.